बाज नक्षत्राची पोरगी

आमच्या शेजारचा महादेव बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणतो, आणि विणता विणता जपानी बोलणाऱ्या पोरींना आपल्या बोलीत हुकूम सोडतो. "डावीकडून ये बाई, डावीकडून. मांगं पाह्य, मांगं." समोर विटेला टेकवलेला मोबाइल, त्यात कार्टून चालू. अल्लीपुरात या वयाची माणसं मोबाइलवर कीर्तन ऐकतात, नाहीतर कापसाचा भाव पाहतात. हा साठीला आलेला बाप्या कार्टून पाहतो.

कार्टून काय, तर एक देवी आहे आणि तिच्या राखणीला कवच घातलेल्या जवान पोरी आहेत. आधी एक मोठी सिरियल होती, तिच्यात सारे पोट्टे लढायचे. मग तिच्यातून पोरींची ही वेगळी निघाली. महादेव हिला पोटसिरियल म्हणतो. "कालव्याले पोटकालवा राह्यते का नाई काकाजी, तसं. अन् वावरात पाणी पोटकालव्याचंच येते."

जपानी त्याला काडीचं कळत नाही. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती मलाही वाचता येत नाहीत, आणि मी तर चौथी पास आहे. तरी हा गोष्ट सांगतोच. एक पोरगी ओरडली की, "पाय दुखून राह्यला तिचा." दुसरी रडली की, "घरची आठवण आली."

"तुले कसं समजलं बे?"

"रडणं काय जपानी राह्यते का, काकाजी?"

त्या कार्टुनात हरेक पोरीला आपलं नक्षत्र आहे. महादेवनं आपल्या पोरीला, संगीताला, बाज दिली. उत्तरेच्या आभाळात सात चांदण्या दिसतात, बाजेचे चार पाय आणि मागे लागलेले तीन चोर, ती बाज. मी म्हटलं, "अबे, वाघ दे, सिंह दे. बाजेवर बसून कोणी लढते का?"

तो चिडला. "तीन चोर जलमभर मांगं लागले, तरी बाज जाग्यावर हाय. तुमचा सिंह राह्यला असता का?"

संगीता त्याची एकुलती एक. बायको लवकर गेली, यानंच पोरीला वाढवलं. कार्टुनाचं वेडही तिचंच. पोलिसात लागली, ट्रेनिंगला दूर गेली, तेव्हा जुना मोबाइल बापाजवळ ठेवून गेली. अंगणात तिची बाज तशीच आहे. तिच्यावर कोणी बसलेलं महादेवला चालत नाही. मी एकदा बसायला गेलो, तर म्हणाला, "तुमी वजनदार माणूस, काकाजी. खुर्चीवर शोभता."

वैशाखातली गोष्ट. जेवणं आटोपून मी त्याच्या अंगणात बसलो होतो. फोन आला. संगीता रडत होती, मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, मले नाई होत इथं. पाय सुजले. मी सोडून देतो सारं. उद्या घरी येतो."

रोज त्या रिकाम्या बाजेकडे पाहत जेवणारा हा माणूस. 'ये' हा शब्द त्याच्या तोंडात आलेला मला दिसला. मला वाटलं, आता सुटला.

"येजो," महादेव म्हणाला. "पण तुही बाज मोडली ना वं. पाय निखळला. झोपशीन कुठी?"

"मोडली? कशी?"

"काकाजी बसले."

मी तोंड उघडलं. त्यानं हात दाखवून मला गप्प केलं.

पलीकडे ती रडता रडता हसली. मला ती आबाजी म्हणते. "आबाजीले लागलं का?"

"त्यायले काय होते. तू जेवली का?"

"नाई."

"आंधी जेव. पायाले तेल लाव. सुटीत येशीन तवर मी दुरुस्त करून ठेवतो."

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवून महादेव बाजेजवळ गेला. बाज चांगली धडधाकट. तरी रोज सांजच्याला तो तिची पायथ्याची दोरी ताणतो. मी कितीदा पाहिलं होतं, आणि विणणाऱ्याच्या हाताची सवय म्हणून सोडून दिलं होतं. त्या रात्री मात्र दोरी त्याच्या हातातून सुटत होती. मी खुर्चीवरून उठलो, खाली वाकलो आणि दुसरं टोक धरलं.

"जोरानं ओढा, काकाजी," तो म्हणाला. "मोडली तुमीच ना."