चपातीला खाज येत नाही

सकाळी दार उघडावं तर कंपाउंडरकाका आमच्या दोरीवरच्या झबल्याला नाक लावून उभे. झबलं माझ्या सईचं, दोरी आमची, अंगण आमचं. नाक तेवढं त्यांचं. "साबनाचा वास येतोय सूनबाय. आनखी दोन पान्यातनं काढा," असं म्हणून ते झबलं बादलीत टाकतात आणि आपल्या घरी चहाला जातात. धुवायचं मी.

शेजारच्या घरात एकटेच राहणारे काका म्हसळ्याला एका डॉक्टरांकडे जन्मभर पुड्या बांधत होते. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, काका मात्र अजून ड्यूटीवर आहेत. गावात कुणाला ताप येवो, कुणाचा पाय मोडो, ते ढुंकून बघत नाहीत. त्यांचा विषय एकच, लहान मुलांची कातडी.

सईला तिसऱ्या महिन्यातच एक्झिमा झाला. गाल लालभडक, कोपरा-गुडघ्यांच्या घड्या खरखरीत, सारखी चुळबूळ. सासूबाईंनी आपल्या पद्धतीने उपचार चालवले. कढत पाणी, डाळीचं पीठ लावून खसाखसा चोळणं, वर ओव्याची धुरी, आणि घामाच्या धारा लागलेल्या असतानाही डोक्यावर लोकरीचं टोपरं. पोर सोललेल्या रताळ्यासारखी दिसायला लागली.

श्रीवर्धनच्या बालरोगतज्ज्ञांनी हे सगळं बंद करायला सांगितलं. कोमट पाणी, पाच मिनिटांत आंघोळ, अंग टिपून लगेच जाड क्रीम, सुती कपडे, नखं कापलेली, आणि लाल जागेवर मलम सांगितलं तेवढेच दिवस. घरात माझं कुणी ऐकेना. म्हणून एकदा वैतागून मी हे कुंपणावरून काकांना सांगितलं. ती माझी चूक. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून काका घड्याळ घेऊन आमच्या मोरीच्या दाराशी. आधी पाण्यात कोपर बुडवून बघणार, मग बाहेरून मोजणार. "चार झाली. साडेचार. काढा पोरीला भायेर." एकदा मी स्वतः न्हात होते, तरी बाहेरून "साडेचार" ऐकू आलं. सासूबाईंची धुरीची वाटी तर त्यांनी उचलून सरळ गोठ्यात नेऊन ठेवली. "धुरी मच्छरांना द्या वैनी. पोरीला न्हाय." सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि माझ्याशी चार.

क्रीमवरून तर रोज वाद.

"कमी लावलं."

"काका, चपातीला तूपसुद्धा मी इतकं लावत नाही."

"चपातीला खाज न्हाय येत," काका म्हणाले, आणि मला पुन्हा डबीत बोट बुडवायला लावलं.

नाइलाजाने कबूल करते, सईची कातडी निवली. पण हे दुखणं आवरतं, जात नाही. नेमकं उष्टावणाच्या आदल्या दिवशी गाल पुन्हा लाल झाले. मला रडू आलं. इतके दिवस धुतलं, टिपलं, माखलं, आणि सगळी भावकी यायच्या दिवशी हे असं.

माझ्या भावाने सईला खिरीचं पहिलं बोट चाटवलं. आमच्याकडे मग मूल मांडीमांडीवरून फिरतं, प्रत्येक जण एकेक घास भरवतो. सई पहिल्याच मांडीपाशी अडली. पनवेलच्या चुलतसासूबाईंनी पदर आवरला. "पसरत नाही ना गं हे? माझा नातू लहान आहे." पुढच्या बायका आपापल्या ताटांत बघायला लागल्या. सई दोन्ही हात पुढे करून बसलेली, आणि घेणारं कुणी नाही. इतकी लाज आणि इतका राग मला एका वेळी कधीच आला नव्हता.

पुरुषांच्या पंगतीतून काका उठले. बायकांच्या ओळीत येऊन मांडी घालून बसले, सईला घेतलं आणि तिच्या लाल गालाला आपला गाल लावला. "पसरत न्हाय," ते एवढंच म्हणाले. मग तिला खीर भरवत बसले. बोटभर खीर, तोंड पुसणं, पुन्हा बोटभर.

मी जवळ गेले तेव्हा काका मान वर न करता हळूच म्हणाले, "माझं बी असंच व्हतं सूनबाय. दारातल्या गोनपाटावर बसवायचे मला. शाळंत जाईपावतर कुनी मांडीवर घेतलं न्हवतं."

सईला परत घ्यायला मी हात पुढे केले होते. ते मी मागे घेतले.