वाळवीबाईंची वाचनाची आवड

एका जंगलात सिंह नव्हता. बाळांनो, सिंह असला की गोष्ट त्याचीच होऊन बसते, म्हणून आपण मुद्दाम बिनसिंहाचं जंगल घेतलं आहे. इथला कारभार एक समिती पाहायची. समितीचे अध्यक्ष एक गवा होते. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत, कारण त्यांना आणखी काही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

या जंगलात एक सार्वजनिक वाचनालय होतं. हसू नका. तुमच्या गावातही आहे, तुम्ही तिकडे फिरकला नाहीत इतकंच.

वाचनालयाचे ग्रंथपाल होते खवले मास्तर. मास्तर म्हणजे खवल्या मांजर. अंगभर कडक खवले, तोंडात एकही दात नाही आणि जीभ मात्र चांगली लांबलचक. पुस्तकं कोणती घ्यायची हे मास्तर एकटेच ठरवत. वाचकांना काय आवडतं हे वाचकांना विचारायचं नसतं, त्यांना काय आवडायला हवं ते आपण ठरवायचं असतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून कपाटात 'गवताचे तात्त्विक अधिष्ठान' होतं, 'शेपटी: उगम आणि विकास' होतं, आणि याच वजनाची आणखी बरीच पुस्तकं होती. ती कुणी नेत नसे. त्यामुळे ती अगदी कोरी करकरीत राहिली होती आणि मास्तरांना त्याचा फार अभिमान होता.

मास्तरांना एक वाईट खोड होती. दुपारी वाचनालयात कुणी नसलं, म्हणजे रोजच, की ते दार लोटून घेत, कपाटांच्या मागे जात आणि भिंतीवर चढणारी वाळवी जिभेनं टिपून खात. ग्रंथपालानं कामाच्या वेळी चरत राहणं बरं दिसत नाही, हे त्यांना कळत होतं. मग दिवसभर त्यांचं मन त्यांना खाई. वाचनालयासाठी आपण एवढं एकच उपयोगाचं काम करतो, हे मात्र त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही.

नियमानं येणारी वाचक एकच. साळूबाई नावाची एक म्हातारी साळिंदर. तिला गवताचं अधिष्ठान नको होतं. तिला सगुणेची गोष्ट हवी होती.

सगुणेची गोष्ट म्हणजे तीन खंडांची एक जाडजूड कादंबरी. पहिले दोन खंड चुकून दुसऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आले होते आणि मास्तरांना परत पाठवायचा कंटाळा आला होता. पहिल्या खंडात सगुणा सासरी येते. दुसऱ्या खंडात ती तिथं नको नको ते सोसते आणि शेवटी एका पहाटे घर सोडते. ती नदीवर येते. नावाडी नाव सोडतो आणि विचारतो, "बाई, पलीकडं यायचं का?" तिथं दुसरा खंड संपतो.

"मास्तर, तिसरा आणा की," साळूबाई दर वेळी म्हणायच्या.

"साळूबाई, ती नुसती करमणूक आहे."

"मग मी काय रडायला येते इथं?"

"त्यापेक्षा 'शेपटी' न्या. माहितीपूर्ण आहे."

"मला शेपटी आहे, मास्तर. तिची मला पुरेशी माहिती आहे."

मग एके दिवशी साळूबाई थोडं हळू बोलल्या. "माझे डोळे चाललेत, मास्तर. आता ओळ बोटानं धरावी लागते. आणि तुम्हाला म्हणून सांगते, तरणी होते तेव्हा मीही अशीच एकदा नदीवर जाऊन उभी राहिले होते. मी परत फिरले. ती काय करते ते मला बघायचंय. दिसतंय तोवर."

मास्तरांनी पुन्हा 'शेपटी'च त्यांच्यापुढे ठेवलं. चांगल्या अभिरुचीला असं घट्ट राहावं लागतं.

अशात अण्णासाहेब शेजारच्या जंगलाचा अभ्यासदौरा करून आले. तिथं त्यांनी नेमका कशाचा अभ्यास केला ते कुणी विचारलं नाही, पण त्यांचं वजन वाढलं होतं. आल्या आल्या त्यांनी सभा घेतली.

"तिकडं वाचकांना विचारून पुस्तकं घेतात," ते म्हणाले. "आपणही दारात मागणीपेटी लावू. ज्याला जे हवं ते त्यानं चिठ्ठीवर लिहून टाकायचं. ज्या पुस्तकाला जास्त मागणी, ते आधी आणायचं. वाचक मालक, आपण नोकर."

"पण अण्णासाहेब, उद्या माकडं काय मागतील याचा विचार केलात का?" मास्तर म्हणाले.

"माकडं मत देतात, मास्तर. त्यांच्याबद्दल असं जाहीर सभेत बोलू नये."

पेटी लागली. मुंगसानं ज्यात शेवटी नाग मरतो असं पुस्तक मागितलं. नागानं ज्यात शेवटी मुंगूस मरतं असं पुस्तक मागितलं. मोरानं ज्यात आपला फोटो आहे ते कोणतंही चालेल असं कळवलं. रानडुकरानं लिहिलं, 'पुस्तक असावे. वाचण्याची सक्ती नसावी.' साळूबाईंनी चिठ्ठी लिहिली ती अशी: 'सगुणेचा तिसरा खंड. लवकर.'

आणि खरं सांगायचं तर बरं चाललं. पुस्तकं आली, वाचक आले. मुंगूस आणि नाग एकाच बाकावर बसून आपापलं पुस्तक वाचू लागले आणि वाचता वाचता एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसू लागले. कुणीतरी 'शेपटी'सुद्धा नेलं, चुकून का होईना. साळूबाईंनी शेजारणींना सगुणेची गोष्ट सांगून सांगून त्यांच्याकडूनही चिठ्ठ्या टाकून घेतल्या. पुढच्या खरेदीत तिसरा खंड येणार हे जवळजवळ ठरलं. मास्तर तेवढे उदास होते. एवढे वाचक आल्यावर वाचनालयाचं कसं होणार, अशी त्यांना काळजी लागली होती.

मग एके सकाळी अण्णासाहेबांकडे वाळवीबाई आल्या. अंगानं बारीक, बोलायला गोड.

"आम्हाला सभासद व्हायचंय," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यात पुस्तकांची आवड पिढ्यानपिढ्या आहे. हाती आलं की फडशाच पाडतो. आजवर मागच्या बाजूनं यावं लागायचं, आता पुढच्या दारानं येऊ म्हणतो."

"किती जणी आहात?"

"मोजलं नाही कधी. लाखांत असू."

अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. वार्षिक अहवालात सभासदसंख्येचा रकाना असतो, बाळांनो, आणि तो रकाना पाहून भल्याभल्या अध्यक्षांना गहिवरून येतं.

"एक छोटासा नियम तेवढा करून घ्या," वाळवीबाई म्हणाल्या. "वाचनालयाच्या सभासदाला कुणी, कुठंही खाऊ नये."

"हा नियम कशाला?" मास्तरांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"सहजच," वाळवीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं.

नियम एकमतानं मंजूर झाला. मास्तरांना विरोध करता येईना, कारण विरोध करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. त्या दिवसापासून ते झाडाखालच्या मुंग्यांवर दिवस काढू लागले. मुंग्या त्यांना मानवत नसत.

पेटी रोज ओसंडून वाहू लागली. वाळवीबाईंच्या मंडळींच्या आवडी पक्क्या होत्या. पुस्तक जाड हवं. कागद जुना असला तर उत्तम. वर प्लास्टिकचं वेष्टण नको, त्यानं वाचनात व्यत्यय येतो. विषय कोणताही चालेल, त्याबाबतीत त्या फार उदारमतवादी होत्या.

आणि अभिप्राय किती सुंदर द्यायच्या. 'पहिले प्रकरण खुसखुशीत.' 'निबंध भरगच्च, पण पचायला जड.' 'कोवळी कविता, एका बैठकीत संपवली.' 'मधल्या गुळगुळीत चित्रांमुळे रसभंग होतो.' अण्णासाहेब हे अभिप्राय सभेत मोठ्यानं वाचून दाखवत आणि म्हणत, "याला म्हणतात आस्वाद. नाहीतर आपली माकडं. त्यांना विचारलं तर म्हणतात, बरं होतं."

"अण्णासाहेब, पुस्तकं परत येत नाहीयेत," मास्तर म्हणाले.

"आवडली असतील."

"वेष्टणं तेवढी येतात."

"येतात ना? मग जमा करून घ्या. उगाच वाचकांवर संशय घेऊ नका. पूर्वी तुमची पुस्तकं सगळीच्या सगळी परत यायची, कारण ती जातच नव्हती."

आणि ते खरं होतं. मुंगूस तक्रार घेऊन गेलं, आमच्या मागणीचं काय झालं म्हणून. अण्णासाहेबांनी त्याला प्रेमानं विचारलं, "तुम्ही किती? त्या किती?" मुंगूस घरी गेलं आणि पुन्हा आलं नाही. मग नागही यायचा थांबला. एकट्यानं वाचायला त्याला करमेना.

सगुणेचा तिसरा खंड मागे पडला, तो पडतच गेला. साळूबाई आता कपाटांना हात लावत लावत आत येत.

"आला का हो?"

"नाही अजून."

"उजव्या डोळ्यानं आता काहीच दिसत नाही, मास्तर. डाव्यानं थोडं दिसतं."

मास्तरांना त्या दिवशी मुंग्यासुद्धा गोड लागेनात. आपण मनात आणलं असतं तर हे पुस्तक केव्हाच आलं असतं, हे त्यांना आता लख्ख कळलं, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते उठले आणि आयुष्यात कधी गेले नव्हते त्या वारुळाकडे गेले. म्हणजे जेवायला बरेचदा गेले होते. विनंती करायला कधी गेले नव्हते.

"वाळवीबाई, एक कादंबरी आहे. तिसरा खंड. फार हृद्य आहे म्हणतात."

"पानं किती?"

"हजारावर."

"कागद?"

"हातकागद. मऊसूत."

"बांधणी चिकटवलेली की शिवलेली?"

"शिवलेली. पण पाठीला खळ लावलेली आहे. तांदळाची."

वाळवीबाईंनी डोळे मिटले. "असं सकस साहित्य हल्ली येतं कुठं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी पेटी तिसऱ्या खंडाच्या मागण्यांनी फुटायला आली. पुस्तक आलं. मास्तरांनी साळूबाईंना निरोप धाडला आणि त्या काटे नीट विंचरून, चांगलं लुगडं नेसून आल्या. पण अण्णासाहेबांनी छोटा समारंभ ठेवला होता. हार झाला, नारळ झाला आणि पुस्तक त्यांनी वाळवीबाईंच्या हाती दिलं.

"आधी साळूबाईंना द्या," मास्तर म्हणाले. "त्या किती दिवसांपासून थांबल्या आहेत."

"रांग आहे, मास्तर. यांच्या लाखो चिठ्ठ्या, साळूबाईंची एक. रांग मोडली तर उद्या लोकशाही राहील का?"

"मग वाळवीबाई, निदान शेवटचं प्रकरण तेवढं ठेवा."

"म्हणजे काय. आम्ही रसिक आहोत," वाळवीबाई म्हणाल्या.

सकाळी टेबलावर शिवणीचा दोरा होता आणि थोडा भुसा होता. साळूबाईंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी हात फिरवून पाहिला आणि हात तसाच ठेवला. त्या रडल्या नाहीत. त्यांनी वाळवीबाईंना हाक मारली.

"बाई, तुम्ही शेवट वाचलात ना? माझं एवढं एक काम करा. नावाड्यानं विचारल्यावर सगुणा काय म्हणाली? ती पलीकडं गेली की परत फिरली?"

वाळवीबाई अजून टेबलावरच भारावून बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ आठवलं.

"शेवट मऊ होता," त्या म्हणाल्या.

त्यावर मास्तरांची जीभ तोंडातून बाहेर आली आणि परत आत गेली. टेबलावर आता फक्त दोरा आणि भुसा होता.

अण्णासाहेबांनी लेखी खुलासा मागवला. मास्तरांनी एका ओळीत दिला: 'सभासदाचा आस्वाद घेतला.' त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. नव्या ग्रंथपालासाठीही मागणीपेटीतून चिठ्ठ्या मागवल्या आणि वाळवीबाईंची धाकटी बहीण प्रचंड बहुमतानं ग्रंथपाल झाली.

पुढच्याच महिन्यात ग्रंथालय महासंघाचे तपासनीस आले. त्यांनी कपाटं उघडून पाहिली. एकाही पुस्तकावर धूळ नव्हती. एकही पुस्तक पडून राहिलेलं नव्हतं. त्यांनी इतकं वाचणारं जंगल कुठं पाहिलं नव्हतं. अण्णासाहेबांना आदर्श वाचनालयाचा पुरस्कार मिळाला, शाल मिळाली, आणि पुरस्काराचं मानपत्र वाळवीबाईंच्या बहिणीनं जपून ठेवायला म्हणून स्वतःकडे घेतलं.

साळूबाईंना आता काहीच दिसत नाही. मास्तर रोज दुपारी त्यांच्या बिळाशी जाऊन बसतात आणि सगुणेच्या गोष्टीचा शेवट रचून सांगतात. एक दिवस सगुणा नावेत बसते. एक दिवस नावाडी तिचा लांबचा भाऊ निघतो. एक दिवस नदीला पूर येतो.

"नाही, मास्तर," साळूबाई म्हणतात. "सगुणा अशी वागायची नाही. तुम्ही पहिले दोन खंड तरी वाचलेत का?"

 मास्तरांनी ते वाचलेले नाहीत, आणि आता वाचायला ते कुठंच उरलेले नाहीत.

तात्पर्य: जो पुस्तक वाचतो तो वाचनालयाचा वेळ खातो, जो पुस्तकच खातो तो वाचनालयाचं नाव काढतो. म्हणून बाळांनो, पुस्तकाची मागणी करायची असेल तर ती नेहमी भूक लागल्यावर करावी.