बाकी सर्व स्थिर धरून

जगात कोणतीही गोष्ट एकाच कारणाने बदलत नाही, हे सत्य शास्त्राला फार पूर्वी कळले आणि पुढे ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लावण्यात आले. त्या विषयाला बहुचल कलनशास्त्र म्हणतात. पिकाचा उतारा पावसावर अवलंबून असतो, बियाण्यावर असतो, खतावर असतो आणि शेजाऱ्याच्या म्हशीवरही असतो. इतक्या गोष्टी एकदम हलू लागल्या की माणूस गांगरतो. म्हणून शास्त्राने अशी सोय केली आहे की, एका वेळी एकच गोष्ट हलवावी आणि बाकी सर्व स्थिर धरावे. याला आंशिक विकलन म्हणतात. (सरकारी भाषेत यालाच टप्प्याटप्प्याने विकास असे नाव आहे.)

परतूरच्या ज्या महाविद्यालयात हा विषय शिकवला जाई, तिथे या तत्त्वावर नुसती श्रद्धा नव्हती, आचरणही होते. दर वर्षी महाविद्यालयाची प्रगती होई. म्हणजे प्रवेशद्वाराच्या कमानीचा रंग बदले आणि ग्रंथालय, नळ व शिक्षकांच्या रिकाम्या जागा स्थिर धरल्या जात. कमानीच्या बाजूने पाहिले असता प्रगतीचा वेग डोळ्यांत भरण्यासारखा होता.

अशा या संस्थेत रामरावांनी सत्तरीला टेकल्यावर प्रवेश घेतला. पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर जन्म काढलेला हा गृहस्थ. स्वभाव इतका भिडस्त की, हॉटेलात पोऱ्याने चुकून दुसऱ्याची मिसळ पुढे ठेवली तर ती मुकाट खाऊन, ज्याची होती त्याची क्षमा मागणारा. वाचनाचे वेड मात्र दांडगे. तरुणपणी कुठल्याशा रद्दीत त्यांना बहुचल कलनशास्त्राचे पुस्तक सापडले होते. तिसऱ्या प्रकरणाशी आले की त्यांना शंका येई, आपल्याला पहिली दोन खरेच समजली आहेत का? मग ते पुन्हा पहिल्या पानावर जात. या पद्धतीने त्यांची पहिली दोन प्रकरणे निवृत्तीपर्यंत चालू होती.

"नातू कालेजात जायला आला अन् तुम्ही दप्तर घेऊन चालले?" सोनूबाई म्हणाल्या. त्या रामरावांच्या पत्नी, आणि घरातल्या एकमेव निःशंक व्यक्ती.

"कोणाला सांगू नको म्हणजे झालं."

"म्या कशाला सांगू? नापास झाल्यावर गावाला कळतंच की!"

प्राचार्य राधेश्यामजींनी त्यांचे दोन्ही हातांनी स्वागत केले. ज्ञानाची ही तहान पाहून आपले डोळे पाणावले, असे ते म्हणाले. डोळे पाणावण्याचे दुसरे कारण असे की, वर्गात किमान पाच विद्यार्थी असल्याशिवाय विषय चालू ठेवता येत नसे आणि त्या वर्गात चौघेच होते. त्यांतल्या तिघांनी हा विषय घेण्याचे कारण म्हणजे त्या खोलीतला पंखा चालू होता. चौथी अलमास. तिने तो आवडतो म्हणून घेतला होता. (अशी प्रकरणे क्वचित घडतात व त्यांची दखल घेण्याची तरतूद नियमांत नाही.) विषय बंद पडल्यास तिची रवानगी वनस्पतिशास्त्रात होणार होती, कारण तिथे बाके शिल्लक होती. जालन्याला हा विषय होता. पण ज्या गाडीने जायचे ती तास संपल्यावर पोहोचण्याबद्दल प्रसिद्ध होती.

"मला गणितच पाह्यजे, चाचा," अलमासने रामरावांना पहिल्याच दिवशी सांगितले. "पानं मोजायला न्हाई आले मी इथं. तुम्ही रोज येत जा बराबर. बिमार-बिमार पडू नका बिलकुल."

आपल्या हजेरीवर कोणाचे तरी काही अवलंबून आहे, ही रामरावांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांनी त्या दिवसापासून थंड पाणी सोडले.

शिकवायला मच्छिंद्र सर होते. ते कुंभार पिंपळगावहून मोटारसायकलवर येत आणि तासिका तत्त्वावर होते. तासिका तत्त्वाचा शिक्षक तास चालू असेपर्यंत अस्तित्वात असतो. दोन तासांच्या मधल्या काळात तो स्वतःच्या जबाबदारीवर जगतो. वयाने तिशीचे, अंगात विद्यार्थ्यांसारखाच टी-शर्ट आणि शिकवणे असे की, रामरावांचे तिसरे प्रकरण एका दुपारी उलगडले.

"बाजार समितीत कापसाचा ढीग पाहिलाय ना काका? त्याच्यावर उभं राहा. पूर्वेला किती उतार, उत्तरेला किती उतार, हे वेगवेगळं मोजायचं. दोन्ही एकदम न्हाई. झालं पार्शल!"

रामरावांनी मान डोलावली. घरी गेल्यावर त्यांना शंका आली की आपण उगाच डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारले, आणि मच्छिंद्र सरांनी तितक्याच आनंदाने त्यांना पुन्हा ढिगावर चढवले.

आता खुर्चीचा प्रश्न. वर्गातली बाके अरुंद. रामरावांचे गुडघे त्यात शिरत, पण निघत नसत. पहिल्याच आठवड्यात मच्छिंद्र सरांनी व्यासपीठावरची शिक्षकाची खुर्ची त्यांना दिली. रामराव शरमेने अर्धे झाले.

"अहो सर, ती तुमची."

"काका, वडीलधारं माणूस बाकावर अवघडलंय अन् मी खुर्चीत बसलोय, हे गावात कळलं तर माझी माय मला जेवू घालणार न्हाई."

मराठवाड्यात हा युक्तिवाद अंतिम असतो. तेव्हापासून विद्यार्थी खुर्चीत आणि शिक्षक उभा, किंवा पाय दुखले की बाकावर, अशी व्यवस्था रूढ झाली. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. गोष्ट मुळात वावगी नव्हतीच.

अशात तपासणी समिती आली.

समितीच्या अध्यक्षा प्रियदर्शनी मॅडम प्राचार्यांसह वर्गात शिरल्या, तेव्हा मच्छिंद्र सरांनी रामरावांना एक उदाहरण फळ्यावर सोडवायला सांगितले होते आणि स्वतः अलमासच्या मागच्या बाकावर जाऊन बसले होते. मॅडमना जे दिसले ते असे: फळ्यापाशी खडू घेतलेले, पांढऱ्या केसांचे, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ, समोर बाकांवर पाच विद्यार्थी. (शिक्षकाची विद्यार्थ्याशी अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते. अंकगणित या बाबतीत निर्दोष आहे.)

"चालू द्या सर," मॅडम म्हणाल्या.

रामराव उदाहरणावर अडले होते. ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मॅडमनी टिपले: 'विद्यार्थ्यांना विचार करण्यास पुरेसा अवधी देतात.' मग घाबरून त्यांनी लिहिलेली ओळ पुसली. मॅडमनी टिपले: 'चुकांमधून शिकण्यास प्रोत्साहन.'

मग मॅडमनी मच्छिंद्र सरांकडे बोट केले. "तू सांग रे. खोगीर-बिंदू म्हणजे काय?"

मच्छिंद्र सर उठले. गुरुजनांनी विचारले की उठायचे, ही लहानपणची सवय. घोड्याच्या खोगिरावर बसलेल्या माणसाला लगामाच्या दिशेने पाहिले तर तो खड्ड्यात बसलेला दिसतो आणि रिकिबीच्या दिशेने पाहिले तर टेकडीवर, असे त्यांनी सांगितले. मॅडम खूश झाल्या आणि त्यांनी नाव विचारून टिपून घेतले. त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "नुसत्या तासिका तत्त्वावर चालणारे विषय आम्ही बंदच करत आलोय. पण इथे अनुभवी प्राध्यापक आहेत. हा विषय राहू द्या."

प्राचार्यांना तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचे दिसले.

रामरावांनी तोंड उघडले. मॅडम, मी विद्यार्थी आहे, एवढेच चार शब्द होते. समोर अलमास बसली होती. हाताने बाकाची कड घट्ट धरलेली. तिच्यामागे मच्छिंद्र सर अजून उभेच होते. एका दिशेने पाहिले तर बोलणे हा धर्म होता. दुसऱ्या दिशेने पाहिले तर गप्प बसणे. रामरावांनी तोंड मिटले. मॅडमनी टिपले: 'मितभाषी.'

अहवाल आला. त्यात मच्छिंद्र नावाच्या विद्यार्थ्याची विशेष प्रशंसा होती आणि अनुभवी प्राध्यापक उपलब्ध असल्याने तासिका तत्त्वावरील खर्च अनावश्यक ठरवला होता. सरांचे तास बंद झाले.

रामराव रात्रभर तळमळले आणि सकाळी आयुष्यात प्रथमच न बोलावता एका साहेबाच्या खोलीत शिरले.

"चूक दुरुस्त करा. मी विद्यार्थी आहे."

"जरूर," राधेश्यामजी सौम्यपणे म्हणाले. "तसा दाखला आणा, पुढे पाठवतो."

"कोणाचा?"

"विषयाच्या शिक्षकाचा."

"ते कोण?"

"आपणच की!"

रामराव कोरा कागद घेऊन घरी आले. स्वतःला विद्यार्थी म्हणवण्याइतके आपण काही शिकलो आहोत का, या शंकेपाशी ते अडले.

"लिव्हा की सरळ!" सोनूबाई म्हणाल्या.

"खात्री नाही ना."

"मंग मास्तर असल्याची हाये का?"

तीही नव्हती. कागद कोराच राहिला.

सोमवारी मच्छिंद्र सर आले. रामराव शिक्षक ठरल्यावर तेही गेले असते तर विद्यार्थी चारच उरत होते, म्हणून त्यांनी प्रवेश घेतला होता. रामराव त्यांच्या बाकापाशी गेले. "सर, मी बोलायला पाहिजे होतं."

"बोलला असता तर पोरीचं काय झालं असतं? ऱ्हाऊ द्या, काका." मग वही उघडत ते म्हणाले, "रासायनिक खताच्या दुकानात बोलणं करून राह्यलोय. दुपारचे सोडतो म्हणलाय मालक. तुम्ही फळ्यावर तेवढं मोठं लिहा. मागून दिसत न्हाई."

तेव्हापासून तो वर्ग उत्तम चालतो. मच्छिंद्र सर बाकावरून हळू आवाजात सांगतात, रामराव ते फळ्यावर उतरवतात आणि अलमास दोघांच्याही चुका काढते. अंतर्गत परीक्षेत मच्छिंद्र सरांनी एक उदाहरण नव्याच रीतीने सोडवले. रामरावांना ते बरोबर वाटले. पण आपल्याला बरोबर वाटले, या कारणाने त्यांना संशय आला आणि त्यांनी निम्मे गुण दिले. अलमास विद्यापीठात पहिली आली. कमानीवर तिच्या छायाचित्राचा फलक लागला असून, त्यात अनुभवी मार्गदर्शक म्हणून खाली रामराव आहेत.

या प्रकरणात प्रत्येकाजवळ गप्प बसण्याचे सबळ कारण होते. रामराव भिडस्त, प्राचार्य नियमाने बांधलेले, अलमासचे वर्ष पणाला लागलेले, मच्छिंद्र सर खतांच्या गोण्या उतरवून घेण्यात अडकलेले. राहिले आपण, वाचक. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक होते. सरांचे तास बंद झाले त्या ओळीवर आपण क्षणभर थांबलात, आणि अलमासचे पुढे काय झाले ते पाहायला खाली उतरलात. ती पहिली आल्याचे वाचून बरेही वाटले असेल. अशा उपस्थितांसाठी समितीच्या नमुन्यात वेगळा रकाना नाही. त्यांची गणना 'समाधानी' या सदरात केली जाते.