कात्रीबंदीचा हुकूम आणि फ्लिंट क्रीकची फत्ते

हकीकत ऐसीजे. सुभा आयोवा, तेथे मार्च महिना लागला म्हणजे शेतात बर्फाचा चिखल आणि माणसांचे मस्तकात बास्केटबॉल, तिसरे काही उरत नाही. त्या मुलुखी फ्लिंट क्रीक कॉलेजाचे कन्यांनी कॉन्फरन्सचे, म्हणजे आसपासचे कॉलेजांचे मंडळाचे, अजिंक्यपद कैसे सर केले, ते यथास्थित निवेदन करितो. थोरांनी पॉपकॉर्न बाजूस ठेवून श्रवण करावे.

फौजेची कर्णधार खाशी मार्नी कोपेकी, कॉलेजाचे शेवटले वर्ष. गतसाली याच अंतिम सामन्यात कॅल्डर कॉलेजापुढे अखेरचे दोन फ्री थ्रो, म्हणजे धक्क्याचे भरपाईदाखल मिळणारे एकेक गुणाचे मोकळे फेक, चुकवून तिने हातची फत्ते घालविली होती, आणि तेव्हापासून ती दूध आणावयास गेली तरी गावकरी सांत्वन करीत, आणि त्या सांत्वनाने ती अर्धमेली जाहली होती. आता हरली तर खेळ कायमचा आटोपला, मग जन्मभर सांत्वनच.

त्या देशी रिवाज असा की, जिंकणाराने शिडी चढून बास्केटची जाळी कात्रीने कापावी. गतसाली कात्री बरोबर नेली आणि शिकस्त खाल्ली, सबब सरलष्कर प्रशिक्षक लोरेटा स्टब्स बाईसाहेब यांचा हुकूम सुटला की, यंदा छावणीत कात्री, सुरी, नेलकटर, धारेचे काही एक आणू नये. बसचे दारात बाईसाहेबांनी जातीने झडती घेतली आणि मलमपट्टीचे डब्यातील इवलीशी कात्री जप्त करून कचराकुंडीत टाकिली.

मग रण माजले. पळभर खेळ उरला, फ्लिंट क्रीक एका गुणाने मागे, आणि मार्नीस धक्का लागून पुन्हा तेच दोन फ्री थ्रो वाट्यास आले. बास्केटमागे कॅल्डरची पोरे हात नाचवीत ओरडली, "ए कोपेकी! गेल्या वर्षीचा चेंडू सापडला का गं?" मार्नीने बाईसाहेबांकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतेस? मी डोळे मिटलेत!" बाईसाहेब गरजल्या.

मार्नीस हसू फुटले आणि त्या हसण्यातच पहिला चेंडू आत गेला, आणि दुसरा कड्यावर दोनदा नाचून, फौजेचे प्राण कंठी आणून, मग आत पडला! कॅल्डरचा शेवटला चेंडू लांबून सुटला, तो बँडवाल्याचे ट्यूबा नामे अजस्त्र पितळी कर्ण्याचे तोंडात जाऊन बसला.

शिडी आली, कात्री नाही. मार्नीने वर चढून दात लाविले. जाळी हलेना, दात हलला. तेव्हा कॅल्डरची कर्णधार रोझलिन टटल डोळे पुसून पुढे आली आणि मखमली डबीतून सोनेरी मुठीची कात्री काढिली.

"आम्ही आणली होती," ती म्हणाली.

मार्नीच्या ओठी सांत्वन आले होते, ते तिने गिळिले. "बोथट निघाली तर बघ हं!"

"चावत बस मग!" म्हणून रोझलिन हसली आणि तिने शिडी धरिली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दुसरे दिवशी मार्नी गळ्यात जाळी घालून दूध आणावयास गेली. दूध घरी भरपूर होते. कोणी सांत्वन केले नाही, हे दफ्तरी दाखल.