इंजिनाचं नाक

आमच्या अनसिंगात राखुंडीनं दात घासण्याआधी मोटारीचं नाक धुणारा माणूस एकच होता, नामदेवभाऊ.

नाक म्हणजे इंजिनावरचं डबीएवढं झाकण. आत तारेची जाळी. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ तिथून बाहेर पडे आणि रस्त्याची धूळ जाळीत अडकून राही. भाऊ ती जाळी रोज घासलेटात बुचकळत, वाळवत, तिला तेलाचं बोट लावत, आणि मगच चहा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. घरची वांग्या-मिरच्यांची बागाईत धाकट्या भावाच्या गळ्यात घालून ते वाशीमच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झाले होते.

मी वाशीमला शाळामास्तर, राहायला त्यांच्या शेजारी. माझं जाणं-येणं त्यांच्याच मोटारीनं. चढ संपला की ते गाडी थांबवून झाकणाची विचारपूस करायला उतरत.

"काहून थांबली?" कुणीतरी ओरडे.

"दम घेऊन राह्यली. तुमी नाई घेत?"

यापायी एका पक्षकाराची कोर्टातली तारीख हुकली. त्यानं भाऊंच्या सात पिढ्या उद्धरल्या. भाऊ पाचव्या पिढीपर्यंत ऐकून गाडीत चढले.

मोटारीच्या मालकांना त्या वाफेचा वास सोसत नसे. एका हिवाळ्यात भाऊंची पाठ वळलेली पाहून त्यांनी नाकात चिंधीचा बोळा कोंबला आणि ऐटीत पुढच्या सीटवर बसले. अर्ध्या वाटेत कोंडलेल्या इंजिनानं सांध्यासांध्यांतून तेल ओकलं. पायाखालच्या फळ्यांतून ते मालकांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर आलं.

"कोंडलं का फुटतेच," भाऊ बोळा काढत म्हणाले. मालकांनी पुन्हा कधी झाकणाला हात लावला नाही.

त्याच हिवाळ्यात भाऊंची एकुलती लेक गोदी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. बाळंतिणीला वारा लागू नये, म्हणून भाऊंच्या थोरल्या बहिणीनं, सोनाबाईनं, खिडकीला गोधडी ठोकली, झरोक्यात चिंध्या कोंबल्या, गोवऱ्यांच्या शेगडीवर ओव्या-शेपाची धुरी धरली. तिसऱ्या दिवशी गोदीचा खोकला माझ्या ओसरीपर्यंत यायला लागला. मध्येच तो थांबे आणि नुसती धाप ऐकू येई. मी विचारलं, तर सोनाबाई म्हणाली, "धुरी लागतेच थोडी. आमाले नाई लागली?"

संध्याकाळी भाऊ मोटार लावून आले. दारात उभे राहून त्यांनी ती धाप ऐकली आणि जोड्यांसकट आत घुसले.

"अरे, बाप्या मानसानं दहाव्या दिसाच्या आधी आत यावं का? वारा लागन ना पोरीले!" सोनाबाईचा आवाज चार घरं ऐकत होती.

भाऊंनी शेगडी अंगणात आणून ठेवली, गोधडी ओढली, झरोक्यातल्या चिंध्या उपसल्या. मोटारीसाठी आणलेली, अजून न कापलेली कोरी जाळी रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुऊन त्यांनी झरोक्यात बसवली. मग बाहेर, त्याच झरोक्याखाली, भिंतीला टेकून बसले. पुन्हा कुणी चिंध्या कोंबू नयेत म्हणून.

मला वाटलं, आता इंजिनाचं एखादं तत्त्व ऐकायला मिळणार. मी हसतच जवळ गेलो. "भाऊ, थंडी पडली. घरात चला."

"इची माय याच खोलीत गेली, मास्तर. गोदीच्या वक्ताले. पाचव्या दिशी." ते मान वर न करता बोलत होते. "'झरोका उघड' म्हने. सोनाबाई नाई म्हने. म्या बाईचं आयकलं. म्याच बुजवला."

इतकी वर्षं या माणसाला आम्ही हसलो, याची मला लाज वाटली. मी खाली त्यांच्याशेजारी बसलो.

बऱ्याच वेळानं आतून गोदीची हाक आली. "बाबा, मले बरं वाटून राह्यलं. जेवाले जा न आता."

"जातो, माय," भाऊ म्हणाले, आणि बसूनच राहिले.