साडूच्या झाडाची पानं

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलं होतं. यात गोष्टीतल्या धाकट्या साडूची पार शोभा होते. पण गोष्ट पोटात राहीना.

धाकटा आणि थोरला, म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरल्याचं घर मोठं, हुद्दा मोठा, डोक्यावर केससुद्धा जास्त. धाकट्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती, रविवारची गाड्यांची शर्यत. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी गेमचं स्वस्तातलं मशीन घेतलं होतं. आपापल्या घरी बसून इंटरनेटवर गाड्या पळवायचे. अकरा रविवार झाले, धाकटाच जिंकत होता.

मग थोरल्याकडे जेवण झालं. तिथल्या टीव्हीवर शर्यत लागली आणि धाकटा जेवण सोडून बघत बसला. रस्त्याकडेच्या झाडाचं पानन् पान दिसत होतं. त्यात बायको म्हणाली, "ताईकडे बघा किती स्वच्छ दिसतं. आपल्याकडे झाड म्हणजे नुसता हिरवा बोळा."

झालं. दुकानदाराने थोरल्याला चांगला नग दिला आणि उरलेला आपल्या गळ्यात मारला, हे धाकट्याने पक्कं धरलं. आठवडाभर अन्न गोड लागेना. शनिवारी ताईंचा डबा परत करायच्या निमित्ताने तो गेला, पिशवीत डब्याखाली स्वतःचं मशीन. घरातले सगळे गच्चीवर होते. याने वायरी काढल्या, वायरी लावल्या, आणि वर जाऊन चहासुद्धा पिऊन आला.

घरी पानन् पान दिसलं. बायको खूश. रविवारी शर्यत सुरू झाली आणि वळण कळेपर्यंत गाडी झाडावर. पळते कुठे, उचक्याच देत होती. पानं मात्र अगदी जवळून बघायला मिळाली, कारण तो सारखा त्यांच्यातच जाऊन पडत होता. थोरला पहिल्यांदा जिंकला. वर फोन करून विचारतो, "काय धाकटे, तब्येत बरी आहे ना?"

सोमवारी धाकट्याने मशीन काखेत मारलं आणि दुरुस्तीवाला मित्र गाठला. दोन्ही घरांची मोडतोड याच्याचकडे यायची. धाकट्याचं मशीन पहिल्या दिवशी यानेच लावून दिलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अरे, स्वस्तातलं मशीन आहे, त्याला एका वेळी एकच जमतं. सेकंदाला साठ चित्रं काढ म्हटलं तर घाईत ढोबळ काढतं. सुबक हवी म्हटलं तर तीसच काढतं, मग गाडी अडखळते. तुझं मी साठावर ठेवलं होतं, त्याचं तिसावर. सेटिंगमध्ये एक बटण असतं. दोन्हीकडे."

"म्हणजे घरबसल्या..."

"घरबसल्या."

धाकटा स्टुलावर बसला. मित्राने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आणि त्याला माहितीये. शनिवारी मशीन लावलं तर पडद्यावर तुझं नाव. काल शर्यत झाल्यावर मला फोन. म्हणे, धाकट्याला बोलू नका, मशीन परत मागायला येईल."

धाकट्याचे कान लाल झाले. चोरी कळली त्याचं एवढं नाही, पण त्या चोरीवर थोरला मजेत होता.

"जा आणि कबूल कर," मित्र म्हणाला. "तुमच्या दोघांची गुपितं मी सांभाळणार नाही."

"आधी ते बटण साठावर टाक."

टाकलं. धाकट्याने मशीन उचललं, मित्राचा हात हातात घेतला.

"शब्द देतो. या रविवारी जाऊन तोंडावर सांगतो, मीच बदललं म्हणून."

दाराशी जाऊन वळला.

"शर्यत झाल्यावर."