टाचण्यांचा जबडा

"रविवारी याच, साडूभाऊ! तुमच्या डोळ्यांदेखत सफरचंद कडकन् तोडून दाखवतो!" टेलरमास्तर फोनवर गरजले. का नाही गरजणार? वर्षभर हे साडू चारचौघांत त्यांना 'बोळकं' म्हणत होते! आता जबड्याच्या हाडात इम्प्लांटचा स्क्रू घट्ट बसला होता. वर फक्त दात चढवायचा बाकी होता.

दाताचं माप घेताना दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, रोज मिटता तसा जबडा मिटा."

मास्तर तीस वर्षं रोज ओठांत चार टाचण्या धरून, खालचा जबडा पुढे काढून काम करत आलेले. त्यांनी अगदी मनापासून तसाच मिटला!

शनिवारी दात बसला. दुकानात टाचण्या तोंडात धरल्या, तर काय सुरेख जमत होतं! घरी जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला ठक्! बाकीचे दात टेकायच्या आधीच हा नवा शहाणा आपटत होता.

"अहो, असा आपटत राहिला तर स्क्रू हलेल. आणि दुसरा बसवायला हाडच नाही, असं बाई म्हणाल्या होत्या ना?" बायको घाबरली.

"मग जबडाच पुढे ठेवतो!" मास्तर म्हणाले.

रविवारी साडू आले, तर मास्तर जबडा पुढे काढून ढिम्म बसलेले. साडूंचा चेहराच पडला. "रागावलात? बोळकं म्हणालो, चुकलंच हो माझं!"

मास्तरांनी जबडा आणखी पुढे काढला.

"तुम्ही शिवलेला सूट ढगळ झालाय असं सगळ्यांना सांगितलं, तेही चुकलं!"

मास्तरांचा जबडा तसाच पुढे.

"बरं बाबा, तुमची छत्री माझ्याकडेच आहे!"

तीन वर्षांपूर्वी हरवलेली छत्री! मास्तरांना हसू फुटलं, जबडा मागे सरकला आणि ठक्! ते गाल धरून बसले. सफरचंद साडूंनीच खाल्लं.

सोमवारी बाईंनी दात तपासला. "नशीब तुमचं, स्क्रू हललेला नाही! त्याच्यावरचा दात तेवढा नव्याने करू. आता जबडा सैल सोडा. सैल, मास्तर!"

"सोडलाय की!" मास्तर दातांतल्या दातांत पुटपुटले.

तपासणी होताच मास्तरांनी सवयीने ओठांत धरलेल्या दोन टाचण्या बायकोने पुढे होऊन काढल्या. जबडा आपसूक जागेवर आला! बाईंनी कपाळाला हात लावला.

"नवा दात येईपर्यंत सफरचंद बंद," त्या म्हणाल्या.

"अहो, पण साडू रविवारी पुन्हा येतोय!" मास्तर कळवळले.

"येऊ देत," बायको टाचण्या पर्समध्ये टाकत म्हणाली. "तुम्ही आपले तसेच रागावून बसा. आपली हरवलेली इस्त्रीपण त्यांच्याकडेच असणार."